मेडिकलच्या बाईंचे प्रश्न

आमच्या घरात कुणी कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नसे. गिरणीतून दळण आलं की आई मूठभर पीठ तळहातावर घेऊन वास घ्यायची आणि ही ज्वारी आपली नव्हे, गिरणीवाल्यानं बदलली, असं दर वेळी म्हणायची. दुधाचा थेंब नखावर धरून तो किती झरझर ओघळतो ते बघायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, जळकोटच्या हायस्कुलात शिपाई म्हणून लागले आणि पुढं कारकून झाले. मेंढरं राखणाऱ्या घराण्यातला हा पहिला पगारी माणूस. पगारी माणसाला फसवायला जग टपून बसलेलं असतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. कुलूप लावून गल्लीच्या वळणापर्यंत गेले तरी ते परत यायचे आणि कुलूप ओढून बघायचे. अशा घरात वाढलेली मी, संशय घेणं म्हणजेच शहाणपण असं समजत होते. पुढं तीस वर्षं मास्तरकी करून, आता तुळजापुरात निवृत्त होऊन बसले, तरी ती खोड पुरती गेली आहे असं मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

घर हायवेच्या मागच्या गल्लीत होतं. सोलापूरकडून हैदराबादला जाणारा मोठा ट्रक गेला की मांडणीवरची ताटं किणकिणत आणि आई बोलता बोलता थांबून, तो आवाज संपला की राहिलेलं वाक्य पुरं करी. सकाळी चुलीवर भाकरी, सोबत शेंगदाण्याची चटणी, तुरीचं घट्ट वरण, आणि हिवाळ्यात चुलत्याच्या वस्तीवरून आलेलं मेंढीचं दूध. अण्णांचा चहा मात्र वेगळ्या पातेलीत व्हायचा, कारण त्यांना साखर होती. घरात त्या दुखण्याचं नावसुद्धा कुणी घेत नसे. 'अण्णांचं ते' एवढंच म्हटलं की सगळ्यांना कळायचं. उमरग्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्या आणायला उमरग्यालाच जावं लागे. म्हणून फाट्यावर टायर-पंक्चरच्या दुकानाशेजारी मेडिकल उघडलं, तेव्हा खरं तर आमची सोयच झाली होती.

पण मेडिकल चालवायला एक बाई आली, आणि गावाला विषय मिळाला. बिराजदार बाई. तिशीच्या, बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, साडीवर पांढरा एप्रन. रोज सकाळी उमरग्याहून जीपनं येत आणि संध्याकाळी परत जात. त्यांचं मंगळसूत्र एप्रनच्या आत असतं की नसतंच, यावर आमच्या गल्लीत दोन तट होते. शिकलेली बाई एवढ्या लांबून आपल्याच गावात कशाला येते, उमरग्यात काय जागा नव्हती, असं आई म्हणायची. त्यातून या बाई नुसत्या गोळ्या देऊन गप्प बसत नसत, प्रश्न विचारत. गोळी जेवणाआधी घेता की नंतर, मध्येच सोडून देता का, अंगदुखीला आणखी काही घेता का. साखरेच्या प्रत्येक रोग्याचं त्यांनी एक कार्ड केलं होतं आणि ती कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलेली असत. त्या पेटीबद्दल गावात तऱ्हेतऱ्हेचं बोललं जाई. कुणी म्हणे ही नावं विमावाल्यांकडं जातात, कुणी म्हणे औषध कंपनीकडं. अण्णांना वाटे, यादी सरकारकडं जाणार आणि शाळा आपल्याला मुदतीआधी घरी बसवणार.

एके दिवशी अण्णा गोळ्या आणायला गेले, तर दुकानात शाळेचे हेडमास्तर आणि दोन ट्रकवाले उभे होते. बाईंनी कार्ड काढलं आणि सरळ विचारलं, "लघवीला फेस येतो का?" अण्णा गोळ्या न घेताच घरी आले. ओसरीवर बसून ते दोन तांबे पाणी प्याले आणि मग त्यांनी आईला काय झालं ते सांगितलं. आई इतकी संतापली की परातीतलं पीठ तसंच सोडून शेजारणीकडं गेली. बाईमाणसानं परक्या पुरुषाला असलं विचारावं, हिला काही रीतभात आहे की नाही, हे तिनं त्या दिवशी चार घरी सांगितलं. मला आठवतं, आईच्या रागात काहीतरी जास्तीचं होतं. पण तेव्हा मला तो राग अगदी बरोबर वाटला.

त्यानंतर गोळ्या आणायचं काम माझ्याकडं आलं. मी नळदुर्गला बारावीला होते, सायन्सला, त्यामुळं पोरीला इंग्रजी नावं वाचता येतात आणि कुणी हिला फसवणार नाही, असा हिशेब होता. मी काउंटरसमोर उभी राहून गोळ्यांवरची तारीख उलटसुलट करून बघायची. बाईंना त्याचा राग येत नसे. उलट, बघत जा, असंच त्या म्हणायच्या. एकदा दुकान रिकामं होतं तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की किडनीची चाळणी झिजते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. अंगातलं चांगलं चांगलं लघवीवाटे जायला लागतं, तेव्हा फेस दिसतो. सूज येते तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून वर्षातून एकदा तरी लघवी आणि रक्त तपासायचं, रक्तदाब बघायचा, आणि दुखीच्या गोळ्या रोज रोज खायच्या नाहीत, कारण आधीच थकलेल्या किडनीला त्या आणखी मारतात. "घरात जेवढ्या गोळ्या, पुड्या, काढे असतील, तेवढे एका पिशवीत घालून घेऊन ये की," त्या म्हणाल्या. "कुणाचंही असू दे. मी नुसतं बघते."

मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. आज गोळ्या दाखवा म्हणते, उद्या ट्रंक उघडून दाखवा म्हणेल, असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली, ती वेडीवाकडी पडली. पिशवी काही गेली नाही.

त्याच सुमारास एका सोमवारी कॉलेजातून येताना मी फाट्यावर उतरले, आणि मेडिकल आणि पंक्चरच्या दुकानामधल्या बोळातून आई बाहेर पडताना मला दिसली. डोक्यावरून पदर, काखेत पिशवी. मी घरी पोचले तेव्हा ती आधीच येऊन तांदूळ निवडत बसली होती. कुठं गेली होतीस विचारलं तर म्हणाली, महादेवाला. महादेवाचं देऊळ गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी तसं म्हटलं, तर तिनं तुला भास झाला म्हणून उडवून लावलं. मी मनाशी ताडलं की आईला अण्णांचाच संशय येतोय आणि ती त्या बाईंवर पाळत ठेवतेय. हे मला इतकं पटलं की मीही अण्णांच्या येण्याजाण्याच्या वेळा बघायला लागले. आज लिहिताना त्या पोरीची मला लाज वाटते, पण ती तशी होती.

मग ताईचं लग्न मोडलं. माझी थोरली बहीण मंगल, विशीची, घरकामात हुशार, फार न बोलणारी. मुरूमकडचं स्थळ होतं, मुलगा ग्रामसेवक. बघणं झालं, त्यांचा होकार आला, सुपारी फोडायचा दिवससुद्धा ठरला. आणि अचानक मध्यस्थाबरोबर नकार आला. फार खोदून विचारल्यावर मध्यस्थानं सांगितलं, घरात साखरेचा आजार आहे असं पाहुण्यांना कळलं, पोरीलाही पुढं होईल म्हणून ते बिचकले. मध्यस्थ उंबऱ्याबाहेर पडायच्या आत आईनं निकाल दिला. हे त्या मेडिकलवालीचं काम. पेटी कशाला ठेवलीय मग तिनं?

आठवड्याभरात ते गावभर झालं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी होती त्यांनी मेडिकलची पायरी चढणं सोडलं, मग बाकीच्यांनीही सोडलं. शटरवर कुणीतरी चिखल फेकला. लोक पुन्हा उमरग्याला जाऊन गोळ्या आणू लागले आणि ज्यांना जमत नव्हतं ते गोळ्यांवाचून राहू लागले. ताई स्वच्छ धुतलेले कपडे पुन्हा धुवायला काढायची. अण्णा जेवताना ताटातून मान वर करत नसत. मला वाटे, पोरीचं मोडल्याचं दुःख आहे.

शेवटी मीच एका दुपारी कॉलेजातून परतताना तावातावानं मेडिकलमध्ये शिरले. बाई एकट्याच होत्या. तुम्ही आमच्या ताईचं मोडलंत, असं मी तोंडावर म्हणाले. आपण कुणालाच काही सांगितलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग पेटीतलं दाखवा, मी म्हटलं. अण्णांचं कार्ड अण्णांनी मागितलं तर देईन, तुला देणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. तेवढ्यात एक ट्रकवाला हात कापून घेऊन आला आणि त्या कापूस, पट्टी घेऊन बाहेरच्या पायरीवर त्याच्याजवळ गेल्या. मी काउंटरवर वाकून पेटी उघडली.

अण्णांचं कार्ड सापडायला वेळ लागला नाही. त्याच्याच मागं त्याच आडनावाचं दुसरं कार्ड होतं. पार्वती, पुढं अण्णांचं नाव. माझी आई. बाईंचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. साखर सापडली, त्याला दीड वर्ष झालेलं. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज घेतात, बंद करायला सांगितल्या. लघवी बाटलीत आणून दिली, उमरग्याला तपासून आणली, प्रथिनं जातायत. डॉक्टरांकडं जायला तीन वेळा सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी: घरी कळू देऊ नका म्हणतात.

बाई परत आल्या तेव्हा कार्ड माझ्या हातातच होतं. त्यांनी ते काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि झाकण लावलं. त्या ओरडतील अशी माझी अपेक्षा होती.

"तू वाचायला नको होतंस," एवढंच त्या म्हणाल्या.

"आई गावभर तुमच्याबद्दल बोलत सुटलीय. तुम्ही हे सांगितलं असतं तर लोकांना कळलं असतं ती कशी आहे."

"आणि मग? माझं दुकान चाललं असतं. तुझी आई पुन्हा कधी कुणापुढं बाटली घेऊन गेली नसती." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "तशाही त्या आता येत न्हाईत. दीड महिना झाला. मी दुखीच्या गोळ्या द्यायचं बंद केलं म्हणून दुसरीकडनं घेत असतील, त्याचंच मला भ्या वाटतंय."

आणखी काही सांगणार नाही, असं त्या म्हणाल्या. मात्र वाचलंसच आहेस तर आईचे पाय बघ, सूज असली तर तिला डॉक्टरकडं ने, माझ्याकडं आणू नकोस, कुठल्याही डॉक्टरकडं ने, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

पुढचे चार दिवस मी आईवर पाळत ठेवली. अण्णांवर ठेवायचे तीच नजर, फक्त माणूस बदललं. हळकुंडांच्या पितळी डब्यात तळाशी मला दुखीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या राखाडी पुड्या. तुळजापूरला दर्शनाला म्हणून ती जायची, तिथून कुणाकडून तरी आणायची. पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मी जवळ बसून तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला.

तिला जाग आली. "काय करतीस गं?"

"आई, तुला साखर आहे."

ती उठून बसली. पहिला प्रश्न तिनं तोच केला, जो मला येणार हे माहीत होतं. "तिनं सांगितलं?"

"न्हाई. मी चोरून वाचलं. त्यांनी माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं."

हायवेवरून ट्रक गेला, मांडणी किणकिणली, आणि तो आवाज संपल्यावरही आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुमची दोघींची लग्नं होईस्तवर कुणाला कळू द्यायचं न्हवतं. एका घरात दोघांला साखर म्हणल्यावर तुम्हाला कोण करून घेणार?"

"मग त्या बाईंना का बदनाम केलंस?"

"तिला ठावं होतं म्हणून." आई माझ्याकडं न बघता बोलत होती. "उद्या ती बोललीच, तर तिच्या बोलण्यावर कुणी इश्वास ठेवू नये, म्हणून."

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. आणि तेवढ्यात माझं लक्ष दाराकडं गेलं. अण्णा चपला हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. ते आत आले, आईच्या पायांकडं बघितलं आणि खाली बसले. ते आईवर भडकतील म्हणून मी मध्ये सरकले. पण ते म्हणाले, "मुरूमच्या पाव्हण्यांला म्याच सांगितलं. माझ्या साखरेचं. लपवून पोरगी द्यावी वाटंना मला."

तीन आठवडे गप्प का बसलात, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता. अण्णांनी चपला खाली ठेवल्या.

"तुझी आई त्या बाईचं नाव घेत होती," ते म्हणाले. "मला ते सोपं पडलं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी रजा टाकली आणि आम्ही आईला आधी उमरग्याला आणि तिथून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की किडनी बरीच झिजलीय, पण हातची गेलेली नाही. त्या गोळ्या आणि पुड्या आणखी वर्षभर चालल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती. रक्तदाबाची गोळी सुरू झाली, साखरेच्या गोळ्या बदलल्या, मीठ तोडलं, दर तीन महिन्यांनी तपासणी ठरली. आईनं सगळ्याला मान डोलावली. तिच्या मान डोलावण्याचा अर्थ काय होतो हे मला माहीत होतं, म्हणून घरी आल्यावर हळकुंडांचा डबा मी तिच्यासमोर रिकामा केला.

गावात जाऊन खरं काय ते सांगा, असं मी अण्णांच्या मागं लागले. सांगतो, म्हणायचे. बाजाराच्या दिवशी सांगतो, शाळेत सांगतो. मध्यस्थाला त्यांनी सांगितलं, हेडमास्तरांना सांगितलं. त्यापुढं त्यांची जीभ रेटली नाही. खरं म्हणजे मीही कुठं सांगितलं? मैत्रिणींपुढं विषय निघाला की मी बोलणं बदलायची, कारण बाईंना निर्दोष ठरवायचं तर आईचं नाव घ्यावं लागणार होतं. आम्ही तिघांनीही वाट बघितली आणि एका सकाळी दुकानाचं शटर उघडलं नाही. दोन दिवसांनी पाटी उतरली. पंक्चरवाल्यानं जागा वाढवून तिथं टायर रचले. ताईचं पुढच्या वर्षी लग्न झालं. पाहुण्यांना पहिल्याच बैठकीत अण्णांनी दोघांचंही दुखणं सांगून टाकलं, तर मुलाच्या आईनं आपली गोळ्यांची डबी काढून दाखवली.

मला स्वतःला आता सात वर्षं साखर आहे. इथं तुळजापुरात ज्या दुकानातून मी गोळ्या घेते, तो मुलगा भला आहे, पण यात्रेच्या गर्दीत त्याला मान वर करायला फुरसत नसते. त्यानं काही विचारलं नाही की मीच विचारते, आणि मागच्या रांगेतल्या बाया मी अडवून धरते म्हणून कुरकुरतात. त्यांचं चुकत नाही.

बाईंचा पत्ता आईनंच काढला. शटर पडल्याला चार-पाच महिने झाले असतील. उमरग्यात मोठ्या रस्त्यावर एका मेडिकलमध्ये त्या कामाला लागल्या होत्या, स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. उमरग्याच्या डॉक्टरांकडं तपासणीच्या दिवशी रिपोर्ट हातात पडल्यावर आई म्हणाली, तिकडं जाऊ. मला वाटलं तिला भांडायचंच आहे. दुकान दिसल्यावर मी मागं राहिले तरी ती थांबली नाही.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. आई काउंटरला हात टेकून उभी राहिली. "बाई, माझ्यामुळं तुमचं दुकान गेलं," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. गिऱ्हाइकं वळून बघू लागली. बाईंच्या हातातली गोळ्यांची पट्टी तशीच राहिली. चष्म्यामागं त्यांचे डोळे कसे झाले ते मला नीट दिसलं नाही. त्यांनी आधी हातातलं गिऱ्हाईक पुरं केलं, मग पुढच्याचं, मग त्याच्या पुढच्याचं. आई जागची हलली नाही.

"रिपोर्ट आणलाय का?" बाईंनी विचारलं.

आईनं पिशवीतून कागद काढून दिला. बाईंनी तो उजेडाकडं धरून वाचला, दोनदा वाचला. मागच्यापेक्षा वाढलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून एक कोरं कार्ड काढून त्यांनी आईचं नाव लिहिलं. दुखीच्या गोळ्यांचं विचारलं, आई म्हणाली बंद. पुड्या? पोरीनं चुलीत घातल्या. रक्तदाबाची गोळी रोज? रोज.

"आणि मीठ?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तासाभरापूर्वीच तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं की मीठ सोडल्याला सहा महिने झाले, आणि मी शेजारी बसून मान डोलावली होती, कारण मलाही ते खरं वाटत होतं.

"खाते," आई बाईंना म्हणाली. "ही कॉलेजला गेली की खाते. लोणचं, खारातली मिरची. रोज खाते."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग आतलं स्टूल ओढून काउंटरच्या बाहेर आणून ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा. किती खाता ते सांगा."